अळवंतिणीला संवाद नाहीत

"दात काढा आणि मग बोला. काही कळत नाहीये तुमचं," सरनोबत म्हणाले.

मी दात काढले. कोल्हापुरातल्या एका कवळीवाल्याकडून करून घेतलेले ते दोन सुळे. घातले की तोंड मिटायचं नाही आणि 'स' म्हणायला गेलं की नुसती हवा बाहेर पडायची.

"मी म्हणत होते, एक वाक्य द्या मला."

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. दहा वर्षं मी नायिकेच्या मागे घागर घेऊन उभी राहिलेय, सरनोबतसाहेब. पोस्टरवर पहिल्यांदा माझं तोंड आलंय आणि अख्ख्या पिक्चरमध्ये मला एक अक्षर नाही. पाच रिळं नुसतं फिस्कारायचं?"

"सुगंधाबाई, भुतं बोलत नाहीत."

"पुरुष भुतं बोलतात की. तुमच्याच मागच्या पिक्चरमधला वेताळ किती बोलायचा! भाषणच ठोकायचा मेला."

कॅमेऱ्यामागून गफूरभाई हसले. सरनोबत मात्र हसले नाहीत. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि लहान मुलीला समजावावं तसं हळू बोलायला लागले.

"हे बघा. ती दिसली पाहिजे. हवीशी वाटली पाहिजे. मग तिची भीती वाटली पाहिजे, आणि शेवटी तिला मारली की पब्लिकला हुश्श झालं पाहिजे. मध्ये ती बोलली तर माणूस होते. माणूस झाली की मारायची कशी?"

पण हट्ट मी सोडला नव्हता. शेवटचा प्रसंग, मरणाचा, अजून घ्यायचा होता. त्यात काहीतरी करून एक वाक्य मिळवायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. लोक म्हणतील एका वाक्यासाठी एवढं काय. नटीला विचारा.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालातली गोष्ट. तेव्हा व्हिडिओ नुकता घरोघरी येत होता आणि सरनोबतांना बाहेरच्या देशातल्या भयपटांचं वेड लागलं होतं. त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी बसवून त्यांनी मला तसले सात-आठ पिक्चर दाखवले. त्यांच्या मिसेस पोहे आणून ठेवायच्या, पडद्याकडे पाहायच्या आणि "शी बाई" म्हणत आत जायच्या. रक्त पिणाऱ्या बायकांचे पिक्चर. सगळ्या बायका गोऱ्यापान, केस मोकळे, खांदे उघडे, अंगात पांढरा झगा. पुरुषाच्या गळ्याशी जायच्या, डोळे मिटायच्या आणि चावायच्या. शेवट सगळ्यांचा एकच. चार पुरुष मिळून तिचे हातपाय धरायचे आणि एखादा म्हातारा प्रोफेसर तिच्या छातीत लाकडी मेख ठोकायचा. ती किंचाळायची. मग तिचा चेहरा जवळून दाखवायचे. गोड, झोपल्यासारखा.

"बघा, कशी शांत झाली! मुक्ती मिळाली तिला," सरनोबत म्हणायचे.

"मेल्यावर शांत होणारच की," मी म्हणायचे.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. त्यातली एकही बाई आपण अशी का झालो हे सांगत नव्हती. तिच्याबद्दल सगळं तो प्रोफेसर सांगायचा.

आमच्या पिक्चरमध्ये झगा चालणार नाही म्हणून मला पांढरी नायलॉनची साडी दिली होती, अंगाला चिकटणारी. कपाळ मोकळं. कथा लिहिणाऱ्यांनी आपल्या लोकांना पटावं म्हणून त्या बाईला एक मरण जोडून दिलं होतं. ती पोटुशी असताना मेली, म्हणून भूत झाली, आणि आता पुरुषांचं रक्त पिऊन सूड घेते. सूड कुणाचा, का, ते लिहिलेलं नव्हतं.

शूटिंग पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही, आणि का ते पुढे कळेल. युनिट शाळेत उतरलं होतं. गावातल्या बायका शाळेच्या पडवीत चुली मांडून आमच्या भाकऱ्या करायच्या. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता आणि फिल्मचा शेवटचा डबा. सरनोबतांनी सकाळीच सांगून टाकलं, "एकच टेक. चुकलं तर पुतळा जाळून शेवट करीन, सुगंधाबाई, तुमच्याशिवाय." म्हणजे माझं वाक्यही गेलं आणि मरणही गेलं.

नाश्त्याला गावची माणसं जमली होती. सरनोबत चहाचा कप घेऊन त्यांच्यात बसले.

"आमच्या गोष्टीतली बाई पोटुशी असताना मेलेली आहे," ते म्हणाले. "मग परत येते. तुमच्याकडे अशा बाईला काय म्हणतात?"

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

"अळवंतीण," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला.

"वा! आणि तिचा बंदोबस्त कसा करतात?"

"न्हेताना पायात खिळं ठोकत्यात. आन माघारी येताना वाटंवर राळं टाकत येत्यात. ती उठून घराकडं निघाली तर एकएक दाणा वेचत बसती. समदं वेचून हुस्तवर उजाडतं. मग जाती माघारी."

सरनोबतांनी मांडीवर थाप मारली. "गफूरभाई, ऐकलंत? तिकडे छातीत मेख, आपल्याकडे पायात खिळे! हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? मेख रद्द. खिळे आणा. राळे आणा."

ते इतके खूश झाले होते की आजूबाजूला काय झालंय हे त्यांना दिसलंच नाही. मला दिसलं. मी पडवीत बायकांजवळ बसले होते. भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबला होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणी उलटेना.

शेवटी शेवंता उठली. चाळिशीची, ठसठशीत बाई, सगळ्या बायकांची म्होरकी. ती म्हणाली, "सायेब, हे नगा दावू. लोकांस्नी कशाला कळाय पायजे ते?"

"अहो, हाच तर आपला अस्सल मसाला!" सरनोबत म्हणाले. "तुम्ही सगळ्या बायका यात आहात. खिळे आमचा नट ठोकेल. राळे टाकायला मला एक चेहरा पाहिजे." त्यांनी पडवीवरून नजर फिरवली. "ती आजी. चुलीपाशी बसलेली. काय चेहरा आहे!"

ती हौसाक्का. तोवर ती आमच्याशी कुणाशीच बोलली नव्हती. काटक, उंच, हिरवं लुगडं, कपाळ गोंदलेलं.

"तिला नगं, सायेब," शेवंता पटकन म्हणाली. "दुसरी कुणीबी घ्या."

"का? आजारी आहे का?"

शेवंताने नजर खाली घातली. म्हाताराही आपल्या पायाच्या नखांकडे पाहायला लागला.

"मी टाकतो की राळं," हौसाक्का म्हणाली. "टाकल्यात मी."

"बघा! अनुभवी आहे," सरनोबत हसत म्हणाले आणि कप खाली ठेवून उठले.

आमच्या त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात, मी आलो, मी गेलो. मीही घरी तशीच बोलते. पण तिचं ते "टाकल्यात मी" माझ्या कानात राहिलं. मला वाटलं, कधी लांबच्या कुणाच्या मयताला गेली असेल.

रात्रीचे प्रसंग आम्ही दुपारी घ्यायचो. कॅमेऱ्याला निळी काच लावायची आणि उन्हाचं चांदणं करायचं. दिवे परवडायचे नाहीत. त्यामुळे भर उन्हात, डोक्यावर सूर्य असताना, तोंडाला पांढरं फासून मी शाळेच्या एका वर्गात बसले होते. तेवढ्यात हौसाक्का आली. हातात झाकलेली ताटली होती. माझ्यासमोर फरशीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"तू पोटुशी मेलीस व्हय?"

"सिनेमात," मी म्हणाले.

"कितवा हुता?"

"काय?"

"म्हैना गं. कितवा म्हैना?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "ते काही लिहिलेलं नाही, आक्का."

"लिवलं न्हाई?" तिला ते फारच विचित्र वाटलं. "बाई पोटुशी म्हणून लिवलं आन म्हैना लिवला न्हाई? मग सातवा धर."

"धरला," मी म्हणाले. मला हसू येत होतं.

"आन तू रगत पितीस."

"हो. असंच ठरलंय."

"भूक लागत असंल. सातव्यात लई भूक लागती." तिने ताटलीवरचं झाकण काढलं. भाकरी होती, वर लोणी आणि लसणाची चटणी. "खा."

"आक्का, मेकअप झालाय."

"खा म्हणतो न्हवं का."

मी खाल्लं. ओठांना लावलेला लाल रंग चटणीबरोबर पोटात गेला. ती मी खाताना माझ्या पोटाकडे बघत होती. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

"आन परत कशाला येतीस तू?" तिने विचारलं.

"सूड घ्यायला."

"कुणाचा?"

"पुरुषांचा. सगळ्यांचाच, बहुतेक."

हौसाक्का हसली. मी तिला हसताना तेवढंच पाहिलं. "कुणी लिवलं गं हे? खुळा का काय! पोटुशी पोर मेली, तर ती सूड घ्यायला कशाला येईल? आईकडं येईल. बाळंतपणाला."

माझा घास हातातच राहिला.

तिच्या बोलण्यात काही विशेष सांगतोय असा सूरच नव्हता. सातव्यात मुलगी माहेरी येते, पहिलं बाळंतपण आईकडे, हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं तसं ती बोलत होती. तेवढे पिक्चर पाहिले, सरनोबतांचं एवढं ऐकलं, मी स्वतः एवढा विचार केला. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"एक काम कर," ती उठताना म्हणाली. "मी आलो की डोळं उघडं ठेव. मेल्यावानी मिटू नगंस."

"का?"

ती ताटली घेऊन निघून गेली.

माळावर एका बाभळीखाली जागा धरली होती. मला जमिनीवर उताणी झोपवलं. ऊन असं होतं की खालची माती पाठीला चटके देत होती. गाव सगळं गोल करून उभं. पुरुषांच्या हातात मशाली, भर दुपारच्या. आमचा नट हातोडी घेऊन पायाशी बसला. खिळे खरे होते, लांब, लोखंडी. ते माझ्या पायाच्या बोटांमधून मातीत ठोकायचे होते. गफूरभाईंनी कॅमेरा असा लावला होता की पायातच गेल्यासारखे दिसतील.

"गफूरभाई, माझा चेहरा येतोय ना?" मी विचारलं.

"पूरा येतोय, बाई. डोक्यापासून पायापर्यंत."

"ऐका सगळे," सरनोबत ओरडले. "खिळे ठोकले की सुगंधाबाई फिस्कारतील. मग आजी सुपातले राळे टाकत मागे मागे जाईल. बाकीच्यांनी 'मेली, मेली' म्हणायचं. एकदाच होणार आहे. दात घाला, बाई."

मी दात घातले. माझं वाक्य मी ठरवून ठेवलं होतं. फिस्कारून झालं की दात जिभेने खाली पाडायचे आणि म्हणायचं, "मी पुन्हा येईन." तेवढंच. नाटकी होतं, पण टाळीचं होतं. एकच टेक होता, त्यांना कापता आलं नसतं; आणि ओठ हलले की नंतर आवाजही भरावा लागला असता.

कॅमेरा सुरू झाला. आवाज नंतर मुंबईला भरायचा असल्यामुळे सरनोबत मध्ये मध्ये ओरडून सांगू शकत होते. "ठोक!" नटाने ठोकलं. एक. दोन. मी अंग ताणलं आणि घसा फुटेस्तोवर फिस्कारले. पोरं घाबरून मागे सरली. छान चाललं होतं.

"आजी, राळे!"

हौसाक्का पुढे आली. सूप तिच्या हातात होतं. ती माझ्या पायाशी थांबली. सूप तिने खाली ठेवलं, हळूच, एकही दाणा सांडू न देता. मग गुडघे टेकून बसली आणि माझ्या बोटांमधला पहिला खिळा धरून ओढायला लागली.

"आजी! काय करतेय ही? मागे हो!" सरनोबत ओरडले.

खिळा मातीतून निघाला. तो तिने लांब फेकून दिला आणि दुसरा धरला. गर्दीतून कुणी पुढे आलं नाही. दुसराही निघाला. मग तिने माझे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले, पदराने त्यांची माती पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भागे," ती म्हणाली, "लई दुखलं का गं?"

"सुगंधाबाई!" सरनोबत कॅमेऱ्याशेजारून किंचाळले. "चावा तिला! उठा आणि चावा! गळ्याला! वाचेल शॉट! चावा!"

मी उठून बसले. तिचा गळा माझ्यासमोर होता, अगदी हातभर अंतरावर. शिरा दिसत होत्या. आणि मला कळत होतं, हो, अगदी स्पष्ट कळत होतं, की आता चावलं तर हा शॉट महाराष्ट्रभर गाजेल. असा शॉट मला परत मिळणार नाही. ठरवलेलं वाक्यही जिभेवर होतं. कॅमेरा फिरत होता. तो आवाज मला ऐकू येत होता.

ती वाट बघत होती. सरनोबतांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने विचारलेल्याचं उत्तर तिला पाहिजे होतं.

मी तोंडात बोटं घालून दात काढले.

"न्हाई गं आई," मी म्हणाले. "न्हाई दुखलं."

तिने मान हलवली. एकदा, दोनदा. मग माझे पाय छातीशी धरून ती रडायला लागली. मोठ्याने नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. डबा संपला आणि कॅमेरा आपोआप थांबला तेव्हा गफूरभाईंनी तोंड दुसरीकडे केलं होतं.

मग शेवंताने मला सांगितलं. विहिरीवर तोंड धुताना. भागीरथी हौसाक्काची एकुलती एक पोर. शेजारच्याच गावात दिलेली. सातव्यात आईकडे यायची होती, गाडी जुंपायचं ठरलंही होतं. आदल्या दिवशी सासरीच वारली, पोटातल्या बाळासकट. सासरच्या लोकांनी हौसाक्काला बोलावून घेतलं. ते म्हणाले, ही आता उठली तर कुठे येणार? तुझ्याकडेच येणार, ठरल्याप्रमाणे. तेव्हा तुझ्याच हातून झालं पाहिजे. आईने अडवलं तर पोर माघारी फिरते.

"पाय हिनं धरलं," शेवंता म्हणाली. "ठोकलं दुसऱ्यानं. आन तिथनं हिच्या दारापतूर राळं हिनंच टाकलं. चांगलं दोन कोस. आमी समद्या मागनं चालत हुतो, बाई. कुणी न्हाई म्हटलं न्हाई."

मी ओंजळीतलं पाणी तसंच धरून उभी राहिले. त्या दिवसापर्यंत मी खुळ्यासारखी समजत होते की अळवंतिणीची गोष्ट म्हणजे तिला घाबरणाऱ्यांची गोष्ट. दारात उभं राहून तिची वाट बघणारं कुणी असेल, आणि त्याच माणसाला तिची वाट बंद करायला लावलं असेल, हे कुठल्या पिक्चरमध्ये होतं? मला त्या गोऱ्या बायका आठवल्या. त्यांनाही आया असतीलच की.

सरनोबत दुसऱ्या दिवशी सामान भरताना जवळ आले.

"वापरता येईल ते," ते म्हणाले. "म्हातारीला अळवंतिणीने भुलवलंय असं दाखवू. तिच्याकडून खिळे काढून घेतले, म्हणून मग गाव चिडून जाळतं. कुठूनतरी थोडी फिल्म मिळवून पुतळा जाळून घेऊ. बरंच होईल, उलट."

"आणि माझं बोलणं?"

"आवाजाचं मुंबईत बघू."

मुंबईत एका अंधाऱ्या खोलीत तो शॉट माझ्यासमोर पुन्हा पुन्हा फिरवला गेला. तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. माझं तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं. समोर माईक.

"फिस्कारा," काचेपलीकडून सरनोबत म्हणाले.

तुकडा आला. मी म्हणाले, "न्हाई गं आई. न्हाई दुखलं." ओठांवर बरोबर बसलं.

"फिस्कारा, सुगंधाबाई."

पुन्हा आला. मी पुन्हा तेच म्हणाले.

ते आत आले. चिडलेले नव्हते. थकलेले होते. "अहो, लोक रडतील. भुताच्या पिक्चरला कुणी रडायला येतं का? पुढच्याच शॉटला तिला जाळायचीय मला. तुम्ही असं बोललात तर जाळणारा गाव व्हिलन होईल."

"मग होऊ दे की."

"तुम्हाला एक वाक्य हवं होतं, कळतं मला. पुढच्या पिक्चरमध्ये पानभर देतो."

"मला वाक्य नकोय आता," मी म्हणाले. "तिचं तिला द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मला घरी पाठवलं. दुसऱ्या कुणा बाईला बोलावून तिच्याकडून फिस्कार भरून घेतला. पुढच्या पिक्चरला मला बोलावणं आलं नाही. ते मी धरूनच चालले होते.

पिक्चर कोल्हापुरात लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेवंताचा निरोप आला, हौसाक्काला बघायचाय, आम्ही येतोय. मी नको म्हणून कळवायला हवं होतं. पण काय कळवणार होते? तीनच्या खेळाला त्या दोघी एस.टी.ने आल्या. हौसाक्काने नवं लुगडं नेसलं होतं. मी डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्याबरोबर बसले, म्हणजे कुणी ओळखू नये.

"माझी भागी बोलती न्हवं त्यात?" तिने अंधार व्हायच्या आधी विचारलं.

मला खोटं बोलता येईना आणि खरंही सांगवेना. "बघू या," मी म्हणाले.

थेटर पोरांनी भरलेलं. मी नायलॉनच्या साडीत पडद्यावर आले की शिट्ट्या. मी कुणाच्या गळ्याशी गेले की आणखी शिट्ट्या, आणि पोरं असं काही बोलत होती की शेवंताने कानावर पदर घेतला. हौसाक्का मात्र ताठ बसून होती. हे सगळं तिच्या लेखी वाटेतलं होतं. तिला जिथे जायचं होतं ते अजून यायचं होतं. मी तिचा हात धरला.

तो माळ आला. निळं ऊन आलं. खिळे आले. पोरं ओरडायला लागली, "ठोक! ठोक!" हौसाक्का पडद्यावर पुढे आली, तिने सूप ठेवलं, खिळे उपटले. तिच्या स्वतःच्या तोंडी त्यांनी काहीतरी भलतंच घातलं होतं, "मी तुझी दासी, राणी," असलं काहीतरी, कुणा दुसऱ्याच बाईच्या आवाजात. मी शेजारी पाहिलं. ती बघतच होती, पापणी न लववता.

मग माझा चेहरा आला, पडदाभर. मी दात काढले, ओठ उघडले, आणि त्यातून कुणा परक्या बाईचा लांबलचक फिस्कार बाहेर पडला. थेटर हसलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि त्या फिस्कारावर, अगदी ओठांच्या हलण्याबरोबर, माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

"न्हाई गं आई. न्हाई दुखलं."

मी डोळे उघडले. हौसाक्का उभी राहिली होती. तिच्या तोंडावर पडद्याचा निळा उजेड पडला होता आणि ती माझ्या ओठांकडे बघून बोलत होती.

"ए म्हातारे, खाली बस, गप की!" मागून कुणीतरी ओरडलं.

हौसाक्काने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तूच गप रं," ती म्हणाली. "माझी पोर बोलाय लागलीया."